जॉन बॉयड डनलॉप

जॉन बॉयड डनलॉप (५ फेब्रुवारी १८४०, ड्रेगहॉर्न, स्कॉटलंड – २३ ऑक्टोबर १९२१, डब्लिन, आयर्लंड) हे स्कॉटिश पशुवैद्य आणि संशोधक होते. प्रत्यक्ष वापरात टिकलेला पहिला हवेचा टायर त्यांनी १८८७-८८ मध्ये बेलफास्ट येथे तयार केला. हवेच्या टायरची कल्पना त्यांच्या आधी चाळीस वर्षे दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने मांडलेली होती. त्यामुळे त्यांना मिळालेले पेटंट पुढे निरर्थक ठरले आणि त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कंपनीतूनही ते लवकरच बाहेर पडले. तरीही सायकल, मोटारसायकल, मोटार आणि विमान यांची चाके आज ज्या तत्त्वावर चालतात, ते व्यवहारात सिद्ध करण्याचे श्रेय डनलॉप यांच्याकडेच जाते.

सुरुवातीचे जीवन

डनलॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील ड्रेगहॉर्न या गावी शेतकरी कुटुंबात झाला. आपण दोन महिने आधी जन्मलो असे त्यांना आईवडिलांकडून समजले होते. आपली प्रकृती नाजूक आहे ही समजूत त्यांनी आयुष्यभर जपली आणि दगदग टाळली. प्रत्यक्षात ते एक्क्याऐंशी वर्षे जगले आणि अखेरच्या दुखण्यापर्यंत कोणताही मोठा आजार त्यांना झाला नाही. एडिंबरा येथील डिक यांच्या पशुवैद्यक विद्यालयातून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. सुमारे आठ वर्षे त्यांनी त्याच शहराच्या परिसरात व्यवसाय केला.

१८६७ मध्ये ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक येथे गेले. तेथे भाऊ जेम्स यांच्यासह त्यांनी जनावरांचा दवाखाना चालवला आणि नंतर बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा व एक मुलगी होती. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांत गणला जाऊ लागला. टायरचा शोध हा त्यांच्या चाळिशीनंतरचा, मुख्य धंद्याबाहेरचा उद्योग होता.

टायरपूर्वीचे चाक

डनलॉप यांच्या काळापर्यंत चाकावर लोखंडी पट्टी किंवा भरीव रबर बसवलेले असे. मराठवाड्यात बैलगाडीच्या लाकडी चाकावरील लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. लोहार ती तापवून चाकावर चढवतो आणि पाणी ओतून थंड करतो. पट्टी आकसली की पाट्या आणि आरे घट्ट आवळले जातात. ही पट्टी चाकाला झिजण्यापासून वाचवते, पण धक्का शोषत नाही. दगड आला की चाक, गाडी, ओझे आणि माणूस हे सगळे एकदमच उचलले जातात. उचलण्यात गेलेली शक्ती दगडापलीकडे आपटण्यात वाया जाते आणि तेवढी ओढ बैलाला किंवा घोड्याला जास्त लावावी लागते. १८८० च्या दशकातील सायकलींना भरीव रबर असे. त्याने खडखडाट कमी झाला, तरी दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर ते चाक लोखंडापेक्षा फार सुखाचे नव्हते.

अंगणातील प्रयोग

डनलॉप यांचा लहान मुलगा जॉनी बेलफास्टच्या अशाच रस्त्यांवर तीनचाकी सायकल चालवीत असे. तिचे हादरे कमी व्हावेत म्हणून १८८७ च्या उत्तरार्धात डनलॉप यांनी प्रयोगास सुरुवात केली. सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेऊन तिच्या कडेवर त्यांनी पातळ रबराच्या पत्र्याची नळी बसवली. नळीवर तागाचे कापड गुंडाळून ते खिळ्यांनी पक्के केले आणि चेंडूत हवा भरण्याच्या पंपाने तीत हवा भरली. मग अंगणात त्यांनी ही तबकडी आणि सायकलचे नेहमीचे चाक आळीपाळीने ढकलून पाहिले. सायकलचे चाक अंगण ओलांडण्याआधीच थांबून आडवे झाले. हवेची तबकडी मात्र पलीकडच्या फाटकाच्या खांबापर्यंत गेली आणि त्यावर आपटून परत उसळली.

हा निकाल त्या काळच्या समजुतीविरुद्ध होता. मऊ चाक जड चालते आणि कठीण चाक हलके चालते, असे बहुतेकांना वाटे. गुळगुळीत लोखंडी रुळावर ते खरेही आहे, आणि म्हणूनच आगगाडीची चाके पोलादी असतात. पण रस्ता खडबडीत असला की गणित उलटते. हवेचा टायर दगडाभोवती दबतो, चाकाचा आस फारसा वर उचलला जात नाही आणि दबलेली हवा पुढच्याच क्षणी बरीचशी शक्ती परत देते. हवेच्या टायरने प्रवास सुखाचा झाला हे सर्वांना माहीत असते. तो प्रवास वेगाचाही झाला ही गोष्ट मात्र अनेकदा विसरली जाते, आणि शोधाचे खरे महत्त्व तिच्यात आहे.

१८८८ च्या सुरुवातीस जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांवर असे टायर बसवण्यात आले. २३ जुलै १८८८ रोजी डनलॉप यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी ते मंजूर झाले. बेलफास्टमधील एडलिन अँड कंपनी या सायकल बनवणाऱ्या कारखान्याने जाड टायर मावतील अशा रुंद सांगाड्याच्या सायकली तयार केल्या.

शर्यती आणि कंपनी

नव्या टायरचे रूप फुगीर आणि बेढब होते. पाहणारे लोक त्याची थट्टा करीत. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत विली ह्यूम हा सायकलपटू या टायरांवर उतरला आणि त्याने आपल्या चारही शर्यती जिंकल्या. पुढे लिव्हरपूल येथेही एक वगळता सर्व शर्यती त्याच्याच झाल्या. त्यानंतर थट्टा थांबली.

आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष हार्वे ड्यू क्रॉस यांचे मुलगे नावाजलेले शर्यतपटू होते. या टायरची ताकद ड्यू क्रॉस यांच्या लगेच लक्षात आली. १८८९ च्या अखेरीस डब्लिन येथे हवेच्या टायरचे उत्पादन करणारी पहिली कंपनी स्थापन झाली. पेटंट डनलॉप यांचे होते, पण भांडवल, व्यवस्थापन आणि व्यापारी दृष्टी ड्यू क्रॉस यांची होती. पशुवैद्यकीचा व्यवसाय आवरून डनलॉप पुढे डब्लिनला राहावयास गेले.

थॉमसन यांचे आधीचे पेटंट

कंपनी उभी राहून फार काळ झाला नव्हता, तोच पेटंटचा पाया निसटला. स्टोनहेवन येथे जन्मलेले रॉबर्ट विल्यम थॉमसन (१८२२–१८७३) यांनी १० डिसेंबर १८४५ रोजीच ब्रिटनमध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते, असे उघडकीस आले. पाठोपाठ १८४६ मध्ये फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेतही त्यांनी पेटंट घेतले होते. रबर लावलेल्या कापडाच्या नळीवर चामड्याचे वेष्टन अशी त्यांची रचना होती. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून तिची जाहीर चाचणीही झाली होती. पण १८४० च्या दशकात चांगले पातळ रबर महाग आणि दुर्मीळ होते, सायकल जन्मलेली नव्हती आणि घोडागाडीच्या मालकांना हा खर्च परवडण्यासारखा वाटला नाही. कल्पना विसरली गेली. थॉमसन पुढे जावा बेटावरील नोकरीनंतर एडिंबराला परतले. म्हणजे १८६० च्या दशकात काही वर्षे दोघेही एकाच शहराच्या परिसरात राहत होते.

डनलॉप यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती, हे सर्वसाधारणपणे मान्य केले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याने फरक पडला नाही. मूळ कल्पनेवरचा हक्क गेल्यावर कंपनीने टायरच्या इतर अंगांची पेटंटे विकत घेण्याचा मार्ग धरला. डनलॉप यांचा टायर रिमला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढणे हे मोठे कष्टाचे काम होते. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी काठात तार घालून रिमच्या खोबणीत बसणारा टायर तयार केला. त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी रिममध्ये अडकणाऱ्या काठाची वेगळी पद्धत काढली. वुड्स यांच्या व्हॉल्व्हमुळे हवा भरणे आणि सोडणे सोपे झाले. भारतातील साध्या सायकलींत तोच व्हॉल्व्ह आजही दिसतो, आणि तो बहुधा डनलॉप व्हॉल्व्ह म्हणूनच ओळखला जातो. आजचा टायर रूपाने वेल्च यांच्या टायरच्या अधिक जवळचा आहे.

कंपनीपासून फारकत आणि चित्राचा खटला

ड्यू क्रॉस यांच्याशी मतभेद वाढल्यावर १८९५ मध्ये डनलॉप यांनी संचालकपद सोडले आणि आपला बहुतेक हिस्सा विकून टाकला. पुढच्याच वर्षी टेरा हूली या सट्टेबाज भांडवलदाराने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि भागविक्री करून ५० लाख पौंडांना पुन्हा बाजारात आणली. या पैशात डनलॉप यांचा वाटा नव्हता. त्यांनी उर्वरित आयुष्यात डब्लिनमधील एका कापडाच्या मोठ्या दुकानाच्या कंपनीचे काम पाहिले.

त्यांचे नाव आणि दाढीधारी चेहरा मात्र कंपनीने ठेवून घेतला. जाहिरातींत त्यांचा चेहरा एका उंच, नटव्या माणसाच्या धडावर बसवलेला दिसू लागला. उंच टोपी, हातात काठी आणि डोळ्याला एका काचेचा चश्मा असा तो थाट होता. साध्या राहणीच्या डनलॉप यांना हा अपमान वाटला आणि त्यांनी आयर्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. इंग्लंडमधील कंपनीवर आयर्लंडमध्ये खटला चालू शकतो का, या मुद्द्यावर हे प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तेथील १९२१ चा निर्णय कायद्याच्या पुस्तकांत डनलॉप रबर कंपनी विरुद्ध डनलॉप या नावाने नोंदला आहे. एकच नाव वादी आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंना असलेला हा खटला त्यांच्या आयुष्यातील विसंगती नेमकी दाखवतो.

ऑक्टोबर १९२१ मध्ये थंडी बाधल्याचे निमित्त होऊन २३ तारखेला डब्लिनमधील बॉल्सब्रिज येथील राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. टायरच्या इतिहासावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे मुलीने प्रसिद्ध करविले.

टायरमधील हवेचे कार्य

वाहनाचा भार टायरचे रबर पेलते असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात भाराचा फार मोठा हिस्सा आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि त्यातील दोऱ्यांचे थर हवेला धरून ठेवतात आणि रस्त्याशी घर्षण साधतात. रस्त्याला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले दाब इतके येते. समजा, मोटारसायकलच्या मागच्या चाकावर १०० किलो भार आहे आणि हवा दर चौरस सेंटिमीटरला २ किलो, म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेत सुमारे २८ पौंड आहे. मग टायर जवळपास ५० चौरस सेंटिमीटर टेकेल. मागे दुसरा माणूस बसून भार १४० किलो झाला आणि हवा तितकीच राहिली, तर टेकलेला भाग ७० चौरस सेंटिमीटरवर जातो, टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात आणि तापतात. हवा २.८ किलो, म्हणजे ४० पौंडांच्या आसपास नेली की तो भाग पुन्हा ५० चौरस सेंटिमीटरवर येतो. कमी क्षमतेच्या मोटारसायकलींवर मागच्या चाकासाठी एकट्याचा आणि जोडीचा असे दोन वेगळे दाब छापलेले असतात, त्याचे कारण हेच आहे.

हवा कमी असली की टायर दोन्ही कडांना झिजतो, गाडी वळणावर जड वाटते, इंधन जास्त लागते आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. हवा प्रमाणाबाहेर भरली की मधला पट्टा लवकर झिजतो, टेकलेला भाग लहान होऊन ब्रेक लावताना चाक घसरू शकते आणि हादरे थेट हातात व पाठीत येतात. गाडी जास्त धावावी म्हणून टायर दगडासारखा कडक करून घेण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. तबकडीच्या प्रयोगाने जो समज खोटा ठरवला, तोच हा समज आहे. खडबडीत रस्त्यावर कडक टायर शक्ती वाचवत नाही, ती उसळण्यात घालवतो.

दाब टायर थंड असताना मोजावा लागतो. चालून तापलेल्या टायरमध्ये तो काही पौंड जास्त दिसतो आणि त्या वेळी हवा सोडल्यास थंड झाल्यावर ती कमी पडते. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा दुपारचे मोजमाप आणि पहाटेचे मोजमाप यांत स्पष्ट फरक पडतो.

मोटारसायकलचा टायर

१८८५ मध्ये जर्मनीत डाइमलर यांनी बनवलेल्या पहिल्या मोटार-दुचाकीला लोखंडी पट्टीची लाकडी चाके होती. १८९४ पासून विक्रीस आलेल्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांच्या मोटारसायकलीला हवेचे टायर होते. हे अंतर जेमतेम नऊ वर्षांचे आहे. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत माल्कम अपहिल याने सर्वसामान्य विक्रीच्या ट्रायम्फ मोटारसायकलवर ताशी १०० मैलांच्या सरासरीने फेरी पूर्ण केली. त्या गाडीला डनलॉपचे टायर होते आणि त्यावरून त्या टायरला टीटी १०० हे नाव देण्यात आले.

मोटारसायकल वळताना झुकते. त्यामुळे तिच्या टायरचा छेद मोटारीच्या टायरसारखा सपाट नसतो, तो गोलाकार असतो. मूळ मापापेक्षा बराच रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याचे काठ आत ओढले जाऊन हा गोलावा बिघडतो. गाडी भारदस्त दिसते, पण वळायला आळशी होते. टायरच्या बाजूवर माप लिहिलेले असते. २.७५-१८ म्हणजे पावणेतीन इंच रुंदीचा, १८ इंची रिमचा टायर. त्यापुढील ४२पी या खुणेचा अर्थ १५० किलोपर्यंत भार आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत वेग असा होतो. तेथेच चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही असते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते, म्हणून विकत घेताना ती खूण पाहणे अगत्याचे ठरते. ट्यूबलेस टायरमधून पंक्चरनंतर हवा सहसा हळूहळू जाते. मात्र साध्या आऱ्यांच्या चाकात तारांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून अशा चाकाला सर्वसाधारणपणे ट्यूब लागतेच.

भारत आणि मराठवाडा

भारतात डनलॉप कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात साहागंज येथे टायरचा कारखाना सुरू केला. तो अनेक दशके चालला आणि नंतर बंद पडला. कंपनीने येथे बैलगाडीसाठी खास टायर आणि आस तयार केले. मराठीत अशा गाडीला टायरगाडी म्हणतात आणि साखर कारखान्यांच्या परिसरात ती ऊस वाहण्यासाठी वापरली जाते. नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार या बालाघाटाच्या डोंगराळ तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर जातात. त्यांच्यापैकी पुष्कळांचा हंगाम या गाडीवर निघतो. लाकडी चाकापेक्षा ती हलकी ओढली जाते, पण त्यामुळेच तिच्यावर दोन टन किंवा त्याहून जास्त ऊस लादला जाऊ लागला. उतारावर आवरायला ब्रेक नसतो आणि वाचलेले कष्ट वाढीव ओझ्याच्या रूपाने बैलाच्या मानेवर परत येतात. एका पशुवैद्याच्या शोधाचा हा परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे.

मुखेड शहराला रेल्वे नाही. नरसीमार्गे नांदेडला, जांब-जळकोटमार्गे उदगीरला किंवा देगलूरकडे जायचे तर रस्ताच आहे, आणि त्यावर एसटीखालोखाल मोटारसायकल हेच कुटुंबाचे वाहन आहे. मागे माणूस आणि मध्ये पोते हा तिचा नित्याचा भार असतो, त्यामुळे वर सांगितलेला जोडीचा दाब तेथे अपवादापेक्षा नियमच ठरतो.

रबराची किंमत

हवेच्या टायरमुळे १८९० च्या दशकात रबराची मागणी एकदम वाढली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातील काँगोमध्ये जंगली रबर गोळा करण्यासाठी स्थानिक लोकांवर अमानुष सक्ती झाली आणि असंख्य लोक मृत्युमुखी पडले. जगभर निषेध झाल्यावर १९०८ मध्ये तो प्रदेश राजाच्या खाजगी ताब्यातून काढून घेण्यात आला. या प्रकरणाशी डनलॉप यांचा व्यक्तिशः संबंध नव्हता. पण टायरच्या इतिहासात ते वगळता येत नाही.

स्मृती

डनलॉप यांचा सुरुवातीचा एक टायर एडिंबरा येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला आहे. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापलेले होते. २००५ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. मराठी घरांत त्यांचे नाव टायरपेक्षा गादी-उशीमुळे अधिक परिचित आहे. कंपनीने १९२९ च्या सुमारास रबराच्या चिकापासून काढलेल्या फेसाळ रबराची ती गादी, आणि तिच्याशी डनलॉप यांचा काहीच संबंध नव्हता.